दस्तुर खुद्द आणि मोर्तब : पोलादी शिल्पांतील अस्सलपणाचा प्रश्न

१

प्रस्तुत लेखाचा विषय या त्रैमासिकाच्या वाचकांस प्रथमदर्शनीं परका वाटेल. जुनीं दप्तरें, पोथ्या, ताम्रपट आणि नाणीं यांच्या शोधांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्यांनीं गेल्या शतकांतील पाश्चात्त्य शिल्पकारांच्या पोलादी आकृतींकडे कां वळावें, असें कोणीहि विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, मूळ प्रत कोणती, तींत मागाहून झालेला फेरफार कसा ओळखावा, आणि ती ज्याच्या हातीं आली त्याचा तिजवर अधिकार किती, हे जे प्रश्न आपण नित्य कागदाविषयीं विचारतों, तेच गेल्या साठ-सत्तर वर्षांत अमेरिकेंत पोलादाविषयीं विचारले गेले. त्या वादांत कांहीं कृति कायमच्या बिघडल्या. त्या कशा बिघडल्या हें समजून घेतल्यास आपल्या संग्रहांतील वस्तूंच्या रक्षणास साह्य होईल, असें आम्हांस वाटतें.

प्रारंभींच एक खुलासा करणें अवश्य आहे. ज्या शिल्पांचा येथें विचार कर्तव्य आहे तीं बहुतेक अमूर्त आहेत. म्हणजे त्यांत देव, मनुष्य किंवा पशु यांची आकृति नसते. रेषा, पृष्ठभाग, पोकळी आणि वजन यांचा परस्परसंबंध एवढाच त्यांचा विषय असतो. असलीं शिल्पें चांगलीं कीं वाईट हा रसिकांचा वाद आम्ही बाजूस ठेवतों. एखाद्या बखरीची भाषा आपणांस रुचो वा न रुचो, तिचा पाठ शुद्ध राखणें हें संशोधकाचें काम असतेंच. त्याच दृष्टीनें येथें पाहावयाचें आहे.

२

दगडाची मूर्ति वजाबाकीनें घडते. टांकीनें नको तो भाग काढून टाकला कीं उरतो तो आकार. ओतीव मूर्तीची रीत निराळी. तेथें माती किंवा मेण यांचा नमुना करून त्याचा सांचा घेतात व त्यांत वितळलेली धातु ओततात. नमुना जपून ठेवला तर त्यावरून एकाहून अधिक मूर्ति काढतां येतात. वेल्डिंगच्या शिल्पाची रीत या दोहोंहून भिन्न असून ती बेरजेची आहे. सळया, पत्रे, नळ्या, चाकें, यंत्रांचे मोडके भाग असे तुकडे जमवावयाचे. ऑक्सिजन व ॲसिटिलीन या दोन वायूंच्या, सुमारें तीन हजार अंश सेल्सिअस उष्णतेच्या ज्वालेनें, किंवा विजेच्या ठिणगीनें, त्यांच्या कडा वितळवून एकमेकांस सांधावयाच्या. येथें सांचा नाहीं, म्हणून दुसरी प्रत निघण्याचा मार्गहि नाहीं. असें प्रत्येक शिल्प कर्त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरांतील एकुलत्या एका पोथीप्रमाणें होय.

ही रीत कारखान्यांतून कलेंत आली. हूलिओ गोन्झालेझ (१८७६–१९४२) हा बार्सिलोना येथील धातुकाम करणाऱ्या घराण्यांतला कारागीर. १९१८ सालीं पॅरिसनजीक रेनो मोटारींच्या कारखान्यांत असतां तो हें सांधकाम शिकला. पुढें १९२८ सालीं पाब्लो पिकासो यास लोखंडांत कांहीं शिल्पें करावयाचीं होतीं, पण तें काम त्यास येत नव्हतें. म्हणून त्यानें गोन्झालेझचें साह्य घेतलें. तीन-चार वर्षें दोघांनीं मिळून काम केलें. शिकवावयास आलेला कारागीर त्यांतून स्वतः मोठा शिल्पकार झाला. लोखंडी सळ्यांनीं अवकाशांत रेखन करणें, असें तो आपल्या कामाचें वर्णन करी.

या दोघांच्या कामाचीं छायाचित्रें फ्रान्समधील एका नियतकालिकांत प्रसिद्ध झालीं, आणि तीं न्यूयॉर्क येथील एका तरुण चित्रकाराच्या पाहण्यांत आलीं. त्याचें नांव डेव्हिड स्मिथ.

३

डेव्हिड स्मिथ याचा जन्म १९०६ सालीं इंडियाना प्रांतांतील डिकेटर या गांवीं झाला. १९२५ च्या उन्हाळ्यांत त्यानें स्टुडबेकर मोटारींच्या कारखान्यांत काम केलें होतें, त्यामुळें लोखंडाची व त्याची ओळख जुनी होती. १९३३ सालीं त्यानें पहिलीं सांधीव शिल्पें केलीं. १९३४ पासून तो ब्रुकलिनच्या धक्क्यावरील ‘टर्मिनल आयर्न वर्क्स’ नांवाच्या लोहारखान्यांत जागा घेऊन काम करूं लागला, आणि १९४० सालीं लेक जॉर्जच्या कांठीं बोल्टन लँडिंग येथें कायम राहावयास गेल्यावर आपल्या कार्यशाळेस त्यानें तेंच नांव ठेवलें. दुसऱ्या महायुद्धांत आगगाडीचीं इंजिनें व रणगाडे बनविणाऱ्या कारखान्यांत त्यानें सांधकाम केलें. १९६२ सालीं इटलींतील व्होल्त्री येथें एका बंद पडलेल्या कारखान्यांत, तेथल्याच टाकाऊ लोखंडांतून, त्यानें तीस दिवसांत सत्तावीस शिल्पें उभीं केलीं. ‘क्यूबी’ या नांवाची, न गंजणाऱ्या पोलादाच्या पोकळ पेट्यांची, अठ्ठावीस शिल्पांची मालिका हें त्याचें अखेरचें मोठें काम. २३ मे १९६५ रोजीं मोटारीच्या अपघातांत त्याचा अंत झाला.

आमच्या विषयास उपयुक्त अशा तीन गोष्टी येथें सांगावयाच्या.

पहिली गोष्ट पृष्ठभागाची. साधें पोलाद उघड्यावर गंजतें, म्हणून त्यावर कांहीं तरी लेप हवाच. स्मिथ मूळचा चित्रकार. त्यानें लेपाची ही गरज चित्रकाराच्या कामाकडे वळविली. पुष्कळ शिल्पांस तो प्रथम गंजरोधक अस्तर देई, त्यावर पांढऱ्या रंगाचे थर देई, आणि मग रंगकाम करी. ‘क्यूबी’ शिल्पांस रंगाची गरज नव्हती. त्यांवर त्यानें फिरत्या ग्राइंडरनें वळणावळणाचे ओरखडे काढले. उन्हांत ते ओरखडे चमकतात व भोंवतालच्या झाडांचा आणि आकाशाचा रंग धरतात. सारांश, वरचा थर हा त्याच्या लेखी मजकुराचाच भाग होता. त्यास निव्वळ बांधणी किंवा वेष्टन समजणें चूक होईल.

दुसरी गोष्ट त्याच्या सहीची. पुष्कळ शिल्पांवर त्यानें आपलें नांव व तारीख धातूंतच उमटवून ठेवली आहे. पोथीच्या अखेरीस लेखक पुष्पिकेंत आपलें नांव, शक व तिथि घालतो, तशीच ही पुष्पिका होय.

तिसरी गोष्ट छायाचित्रांची. बोल्टन लँडिंगच्या शेतांत शिल्पें ओळीनें मांडून स्मिथ त्यांचीं छायाचित्रें स्वतः घेत असे. कोणतें शिल्प कोणत्या काळीं कोणत्या रंगांत होतें याचा समकालीन पुरावा त्यामुळें उरला.

४

कर्ता हयात असतांनाच पहिला प्रसंग घडला. १९५० सालीं स्मिथनें ‘सेव्हन्टीन एच्‌ज्’ या नांवाचें, इंग्रजी ‘एच्’ अक्षराच्या आकृति सांधून केलेलें शिल्प तयार केलें व त्यावर तांबड्या रंगाचे थर दिले. तें विकलें गेलें, पुन्हां विकलें गेलें, आणि या हस्तांतरांत कोणीं तरी तो तांबडा रंग साफ काढून टाकला. हें कळतांच १९६० सालीं स्मिथनें पत्र प्रसिद्ध करून जाहीर केलें कीं, हें शिल्प आपलें नव्हे. त्यास आपलें नांव लावूं नये. आणि त्याची किंमत साठ पौंड भंगाराइतकीच समजावी. आकार तोच, सांधे तेच, वजन तेंच. फक्त रंग गेला होता. तेवढ्यानें कर्त्यानें आपली प्रत नाकारली.

इतकी स्पष्ट घोषणा मागें असतांना दुसरा प्रसंग घडला, म्हणून तो अधिक खेदकारक होय. स्मिथच्या मृत्यूनंतर त्याच्या मिळकतीची व्यवस्था मृत्युपत्रानुसार तिघांकडे आली: टीकाकार क्लेमेंट ग्रीनबर्ग, चित्रकार रॉबर्ट मदरवेल आणि एक वकील. ग्रीनबर्ग (१९०९–१९९४) हा त्या काळचा अमेरिकेंतील अत्यंत वजनदार टीकाकार. स्मिथच्या थोरवीचा उद्घोष त्यानेंच अनेक वर्षें केला होता. परंतु स्मिथचें रंगकाम त्यास पसंत नव्हतें. शेतांत उभ्या असलेल्या शिल्पांपैकीं कांहींवर केवळ पांढरा रंग होता. ग्रीनबर्गच्या मतें तें नुसतें अस्तर होतें, म्हणून अशीं कांहीं शिल्पें खरवडून त्यांचें पोलाद उघडें करण्यांत आलें. दुसरीं कांहीं रंगीत शिल्पें उन्हापावसांत तशींच राहूं दिलीं गेलीं, व त्यांचे पोपडे निघाले.

हें उघडकीस आणलें तें रोझलिंड क्राउस या विदुषीनें. स्मिथच्या समग्र शिल्पांची वर्णनात्मक सूचि तयार करण्याचें काम त्या करीत होत्या. ती सूचि १९७७ सालीं प्रसिद्ध झाली. १९७४ सालीं ‘आर्ट इन अमेरिका’ या नियतकालिकांत त्यांनीं लेख लिहून, त्याच शिल्पांचीं आधींचीं व नंतरचीं छायाचित्रें शेजारीं शेजारीं मांडलीं. दोन प्रति समोर ठेवून पाठ ताडून पाहण्याची जी आपली रीत, तीच ही. त्या छायाचित्रांपुढें फेरफार झाला कीं नाहीं हा वाद उरला नाहीं. तो करण्याचा अधिकार होता कीं नाहीं एवढाच उरला.

ग्रीनबर्गची बाजूहि नीट पाहिली पाहिजे. पांढरा थर हा अंतिम रंग नव्हता, हें त्याचें म्हणणें कांहीं शिल्पांपुरतें खरें असूं शकेल. स्मिथ पांढऱ्यावर पुढें रंग देत असे हें वर आलेंच आहे. पण याच विधानाचा दुसरा अर्थ त्याच्या ध्यानीं आला नाहीं. पांढरें अस्तर पुढें रंग येणार याची खूण असेल, तर खरवडलेलें उघडें पोलाद कर्त्याच्या हेतूपासून आणखी दूर जातें. शिवाय अपूर्ण कृति आणि अशुद्ध कृति यांत भेद आहे. बाणभट्टाची कादंबरी अपुरी राहिली; त्याच्या पुत्रानें ती पुरी केली, परंतु पित्याचा भाग कोठें संपला हें सांगूनच. त्यामुळें पूर्वभाग व उत्तरभाग आजहि निराळे ओळखतां येतात. पित्याच्या अपुऱ्या वाक्यांवरून त्यानें हात फिरविला असता तर आज आपल्या हातीं काय उरलें असतें?

५

या ठिकाणीं स्वतःचा एक प्रमाद सांगितल्यावांचून पुढें जाणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. शाळाखात्यांत नव्यानेंच नोकरीस लागलों होतों त्या काळीं, घरच्या दप्तरांतील एक पोथी आम्हीं ‘स्वच्छ’ करावयास घेतली. अनेक पानांवर पिवळट पुटें दिसत होतीं. तीं धुळीचीं किंवा हळदीचीं असावींत असा समज करून घेऊन आम्हीं तीं नाजूक हातानें, मोठ्या चिकाटीनें, खरवडून काढलीं. खालचीं अक्षरें स्पष्ट झालीं म्हणून आनंदहि झाला. तें पूट हरताळाचें होतें, आणि चुकलेलें अक्षर झांकण्यासाठीं लेखकानें तें लावलें होतें, हें पुढें एका वृद्ध शास्त्र्यांनीं पोथी उजेडांत धरून दाखविलें. हरताळावर लिहिलेले शुद्ध पाठ आमच्या चाकूबरोबर गेले होते; लेखकानें त्याज्य ठरविलेले अपपाठ तेवढे आम्हीं शाबूत ठेवले होते. पोथी अद्याप आमच्यापाशीं आहे, पण तिचा पाठ म्हणून कोणी आधार घेऊं नये.

ग्रीनबर्गची विद्वत्ता आमच्याहून शतपटींनीं अधिक. तरी चूक जातीनें एकच. वरचा थर म्हणजे मळ आणि खालचा म्हणजे मूळ, असें दोघांनींहि न तपासतां गृहीत धरलें.

६

स्मिथच्या अखेरच्या वर्षांतच अमेरिकेंत शिल्पाची दुसरी एक रीत पुढें आली. तीस ‘मिनिमॅलिझम’ म्हणतात. मराठींत अल्पतावाद म्हणतां येईल. १९६६ सालीं न्यूयॉर्कच्या ज्यूइश म्युझियममध्यें ‘प्रायमरी स्ट्रक्चर्स’ या नांवाचें प्रदर्शन भरलें, त्यानें ती लोकांच्या नजरेस आणली. साधा घन, चौकोनी पेटी, सारख्या अंतरावर मांडलेले सारखे नग, एवढ्यावरच येथें काम भागवितात. स्मिथच्या शिल्पांत हात दिसतो. येथें हात दिसूं नये अशीच योजना असते.

टोनी स्मिथ (१९१२–१९८०) या शिल्पकाराचें उदाहरण घ्यावें. डेव्हिडशीं त्याचें नांवापलीकडे नातें नाहीं. १९६२ सालीं त्यानें न्यूआर्क शहराजवळच्या एका वेल्डिंगच्या कारखान्यास दूरध्वनीवरून सांगितलें कीं, सहा फूट लांब, रुंद व उंच असा पोलादी घन करून द्यावा. ‘डाय’ म्हणजे फांसा हें त्याचें नांव. कर्त्यानें त्यास हातहि लावला नव्हता. पुढें त्याच मापाचे आणखी घन त्याच नांवानें करण्यांत आले. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरींतील घनाची नोंद ‘नमुना १९६२, बनावणी १९६८’ अशी आहे. ग्रंथाचा रचनाकाल निराळा आणि प्रतीचा लेखनकाल निराळा हें आपल्या सूचींतून आपण नेहमीं नोंदतों. पोलादाच्या बाबतींत ती नोंद करण्याची वेळ येथें आली.

डोनाल्ड जड (१९२८–१९९४) यानें १९६४ पासून आपल्या पेट्या न्यूयॉर्कच्या एका पत्राकाम करणाऱ्या कारखान्यांतून करवून घेतल्या. त्यांत जस्ती पत्र्याच्याहि पुष्कळ आहेत. कार्ल आंद्रे (१९३५–२०२४) यानें १९६६ सालीं एकशें वीस विटा दोन थरांत मांडून एक शिल्प केलें. तें विकलें न गेल्यामुळें विटा परत गेल्या. आणि १९७२ सालीं लंडनच्या टेट गॅलरीनें विकत घेतलें तें नव्या विटांनीं पुन्हां केलेलें होतें. तरी तें अस्सलच मानलें जातें.

मग अस्सलपणा राहिला कोठें? याचें उत्तर आपल्याच दप्तरांत सांपडतें. जुन्या मराठी कागदांत कांहीं थोडे ‘दस्तुर खुद्द’ असतात, म्हणजे धन्यानें स्वहस्तें लिहिलेले. बाकीचे सर्व कारकुनाच्या हातचे. परंतु कारकुनाच्या हातचें पत्र म्हणून तें बनावट ठरत नाहीं. त्यावर शिक्का व मोर्तब असली, म्हणजे धन्याची आज्ञा त्यामागें आहे असें सिद्ध झालें, कीं तें अस्सल. डेव्हिड स्मिथचें शिल्प दस्तुर खुद्द आहे. टोनी स्मिथचें वा जडचें शिल्प मोर्तबाचें आहे. या दृष्टीनें पाहिलें असतां अल्पतावादांतील पुष्कळसा गूढपणा नाहींसा होतो, असा आमचा अनुभव आहे.

मोर्तबाच्या वस्तूंत धोका कमी असतो असें मात्र कोणी समजूं नये. त्याचें स्वरूप तेवढें पालटतें. इटलींतील संग्राहक जुझेप्पे पांझा (१९२३–२०१०) यानें या कलावंतांच्या अनेक कृति प्रत्यक्ष वस्तूच्या रूपांत न घेतां आराखडे व प्रमाणपत्रें या रूपांत विकत घेतल्या, आणि त्यांवरून कांहीं वस्तु इटलींतच करविल्या. जडनें त्यास जाहीर आक्षेप घेतला. १९८९ सालीं लॉस एंजेलिस येथील एका प्रदर्शनासाठीं पांझाच्या संग्रहांतील कागदांवरून आंद्रेचें ‘फॉल’ हें पोलादी शिल्प व जडची एक कृति कर्त्यांस न विचारतां नव्यानें करण्यांत आली. दोघांनींहि त्या आपल्या नव्हेत असें प्रसिद्ध केलें. कागद अस्सल, माप बरोबर, धातु तीच. तरी नकलेस हुकूम नव्हता. पांझाच्या संग्रहाचा मोठा भाग पुढें न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियमकडे आला, आणि कोणत्या कागदाचा अधिकार कोठवर पोंचतो हें ठरविण्यासाठीं त्या संस्थेस २०१० पासून स्वतंत्र अभ्यास हातीं घ्यावा लागला. शिल्पें जपणारांस तेथें दप्तरखान्याचें काम करावें लागलें.

७

वरील विवेचनावरून आम्हीं काढलेले निष्कर्ष थोडक्यांत असे. प्रथम, कोणत्याहि वस्तूस हात लावण्यापूर्वीं ती दस्तुर खुद्द आहे कीं मोर्तबाची, हें ठरवावें. दस्तुर खुद्द असेल तर तिचा पृष्ठभाग हाच पाठ होय. डाग, पूट, रंग यांपैकीं कांहींहि मळ म्हणून काढूं नये. मोर्तबाची असेल तर तिच्याबरोबरचे आराखडे, पत्रें, प्रमाणपत्रें हीं वस्तूइतकींच मोलाचीं. तीं विलग झालीं कीं वस्तु पोरकी होते. दुसरें, कर्त्याची थोरवी पटलेला मनुष्यच त्याच्या कृतींत सुधारणा करण्यास अधिक प्रवृत्त होतो, हें ध्यानांत ठेवावें. ग्रीनबर्ग हा स्मिथचा शत्रु नव्हता. तिसरें, दुरुस्ती अपरिहार्यच असेल तर ती दिसेल अशी करावी. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तींत जो पाठ पुरेसा निश्चित नाहीं त्याखालीं नागमोडी रेघ घातलेली असते. ती रेघ पुढच्या अभ्यासकास सावध करते व त्याचा मार्ग मोकळा ठेवते. खरवडलेल्या पोलादावर अशी रेघ कोठेंच नव्हती; ती क्राउसबाईंस छायाचित्रांवरून शोधावी लागली.

हा विषय केवळ अमेरिकेचा नाहीं. मुंबईंत पिलू पोचखानावाला (१९२३–१९८६) आणि आदी दाविएरवाला (१९२२–१९७५) यांनीं धातु सांधून शिल्पें केलीं आहेत. कर्त्याच्या कृतीची विटंबना होऊं नये असा हक्क १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमांत मान्य झालेला आहे. आणि विज्ञान भवनांतील कांस्यशिल्प उखडल्याबद्दल अमरनाथ सहगल यांनीं लावलेल्या दाव्यांत २००५ सालीं दिल्लीच्या उच्च न्यायालयानें त्यांच्या बाजूनें निकाल दिला. परंतु न्यायालय उशिरा येतें, आणि रंग खरवडावयास एक दुपार पुरते.

म्हणून वाचकांस आमची विनंति इतकीच कीं, ज्यांच्या घरीं, संस्थेंत वा आवारांत असें एखादें धातुशिल्प असेल, त्यांनीं त्यास रंग देण्यापूर्वीं किंवा त्याचा रंग काढण्यापूर्वीं चारी बाजूंनीं छायाचित्रें घ्यावींत, सध्यांच्या रंगाची व गंजाची नोंद तारखेसह करावी, कर्त्याचीं पत्रें मिळतील तीं जपावींत, आणि ती नोंद शिल्पाबरोबर ठेवावी. आमच्या पोथीच्या बाबतींत एवढें कोणी सुचविलें असतें तर तिचे पाठ आज शिल्लक असते.